उखळातला आयर्लंड

बारीमा मास्तरांनी जन्मभर पोरांना जगाचा भूगोल शिकवला, पण स्वतः एफिदुआसे हे आपलं गाव सोडून जवळच्या कुमासी शहराच्या बाजारापलीकडे फारसे कधी गेले नाहीत. कुठल्या देशात काय पिकतं, पाऊस किती, बंदरं कोणती, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगतील. निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं, की आता पाय काही जगभर जायचे नाहीत, तर निदान पोट तरी पाठवू. दर शनिवारी घरात एक देश शिजेल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

देश शिजवायचाच तर माणसानं तिथल्या कुणाला विचारावं, नाही तर फोनवर बघावं. मास्तरांना हे दोन्ही कमीपणाचं वाटे. भूगोल पाठ असलेल्या माणसाला कृती कशाला लागते? नॉर्वे म्हणजे मासे आणि बर्फ. त्यांनी मासे उकडले, बर्फवाल्याकडून लादी आणली आणि तिच्यावर ते मांडले. जेवायला बसेपर्यंत माशांचं सरबत झालं होतं. स्वित्झर्लंडला भाताचा डोंगर रचून वर दुधाची पावडर भुरभुरली. ब्राझीलच्या दिवशी चवळी कॉफीत शिजवली आणि "रबर तेवढं वगळलंय," असं बायकोला सांगताना केवढी सवलत दिल्याचा चेहरा केला.

बायको पोकुआ. तिनं कधी नाक मुरडलं नाही, मुकाट्यानं ताट पुढं करायची. मुलगी डुफी तर फारच खूश होती, कारण रोजचा फुफू कुटणं तिच्याकडे. शिजलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी उखळात टाकायची आणि गुळगुळीत गोळा होईस्तोवर मुसळ हाणायचं. देश शिजला की तिच्या खांद्यांना सुट्टी.

"बाबा, जगात एकूण देश किती हो?" ती मोठ्या आशेनं विचारी.

नुसत्या शनिवारांत युरोपसुद्धा उरकेना. म्हणून ब्राझीलपासून मास्तरांनी शनिवारचं रोजचं करून टाकलं, आणि तिथंच घोळ झाला.

आमच्याकडे संध्याकाळ झाली की घराघरातून मुसळाची धमधम सुरू होते. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची बायको फुरंगटून बसलीय, सगळं त्या आवाजावरून कळतं. मास्तरांच्या अंगणातली धमधम थांबली. शेजारच्या तिवा मावशीनं कानोसा घेतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. मग पहाटे त्यांच्या दारात कसाव्याचे कंद ठेवून ती हाक न मारता परत गेली, बिचाऱ्यांना लाज वाटायला नको म्हणून. पाठोपाठ कुणी केळ्यांचा घड ठेवला, कुणी पामतेलाची बाटली.

"बघ," मास्तर पोकुआला म्हणाले, "माझे विद्यार्थी अजून मला विसरले नाहीत."

बातमी फिरत फिरत पोकुआच्या मामांपर्यंत पोचली. आमच्यात लेक आईच्या घराण्याची. मामा न्यायला आला की नवऱ्याचं काही चालत नाही. एन्तिम मामा शनिवारी एक मयत उरकून तसेच आले, काळं वस्त्र खांद्यावर टाकून. काळ्या वस्त्रातला मामा मास्तरांच्या दारात पाहिला मात्र, तिवा मावशीनं हंबरडाच फोडला. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगणात लोक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत होते.

"कोण मेलं?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"तुम्ही," तिवा मावशी डोळे पुसत म्हणाली. मग तिनं त्यांना नीट पाहिलं आणि भडकली. "जिवंत आहात तर मुसळ का वाजत नाही हो तुमचं?"

मामांना रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"जावईबापू, आमची पोर तुमच्या घरात उपाशी आहे असं कानावर आलंय."

"उपाशी? मामा, काल तिनं अख्खा पोर्तुगाल खाल्लाय! दोनदा वाढून घेतला!"

मामांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "पोकुआ, काल जेवलीस तू?"

पोकुआनं मान खाली घातली. भात खा, पाव खा, परातभर चवळी खा, न चावता गिळायचा फुफूचा गोळा घशाखाली उतरला नाही तर आमच्यातला कुणी 'जेवलो' म्हणत नाही. म्हणताच येत नाही, जीभच वळत नाही. आणि मामांशी ती खोटं कसं बोलणार?

"नाही, मामा."

"परवा?"

"नाही."

"मग कधी जेवलीस?"

"ब्राझीलच्या आधी," पोकुआ म्हणाली.

खुर्च्यांवरची माणसं चुकचुकली. मामा उठले. "सामान बांध."

मास्तरांनी हातापाया पडून मामांना पुन्हा बसवलं आणि चुलीवरच्या पातेल्यातून थाळीभर वाढलं. त्या दिवशी आयर्लंड होता, म्हणजे नुसते उकडलेले बटाटे. मामांनी थाळी चाटूनपुसून साफ केली.

"आता तरी जेवलात ना?" मास्तरांनी आशेनं विचारलं.

"कुठं जेवलो? हे चावावं लागतं. पोटात कावळे ओरडतायत माझ्या. पोकुआ, आटप."

पोकुआ आत गेली. तेव्हा मास्तरांचा धीर सुटला आणि सगळ्यांसमोर ते रडायलाच लागले.

"लग्नाच्या वेळी मी तिला म्हणालो होतो मामा, बोटीत बसवून जग दाखवीन. ती बोट मी जन्मभर फळ्यावरच काढत राहिलो. आता गुडघे गेले. म्हटलं, निदान ताटात तरी दाखवू. ती गेली तर मी एकटा बसून कुठला देश खाऊ?"

एवढ्यात आतून गडगड आवाज आला. पोकुआ उखळ लोटत अंगणात आली. तिनं पातेल्यातला उरलेला आयर्लंड त्यात उपडा केला, बाजूला चौरंगावर बसली आणि पाण्यात हात बुडवला.

"मास्तर, मुसळ घ्या."

"मी? डुफी कुठंय?"

"चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलीय. घ्या म्हणते ना."

दोन घावांच्या मधल्या फटीत हात घालून गोळा उलटायचा, हे काम ती लहानपणापासून करत आलेली. पण मुसळ चुकलं तर बोटांचा चेंदा होतो, आणि मास्तरांनी मुसळ आजवर नुसतं पाहिलं होतं. ते त्यांच्यापेक्षा हातभर उंच होतं. पहिला घाव उखळाच्या काठावर बसला. दुसरा हुकून जमिनीवर.

"पोकुआ, हात काढ!" मामा ओरडले. "या माणसाला खडूशिवाय काही उचलता येत नाही!"

"असू दे, मामा." तिनं हात काढला नाही. उलट तो उखळात आणखी खोल नेला आणि बटाटे उलटले. "मारा, मास्तर. घाबरू नका."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यात काही धड दिसत नव्हतं. धम्म. तिनं गोळा उलटला. धम्म. पुन्हा उलटला. खुर्च्यांवरची माणसं पुढं वाकून तिच्या बोटांकडे पाहत होती. सोडून जायला निघालेली बाई असल्या माणसाच्या मुसळाखाली हात ठेवत नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही.

मामांनी काळं वस्त्र सावरलं आणि आपली खुर्ची उखळाजवळ ओढली.

"हळू मारा, जावईबापू," ते म्हणाले. "एकुलती एक भाची आहे माझी."