कागदावरची नाली

समुद्रावरच्या हवेत कधीकधी एक थर तयार होतो. खाली दमट हवा, वर कोरडी आणि गरम. रेडिओलहरी त्यात अडकतात, खाली वळत राहतात आणि क्षितिजापलीकडे, एरवी पोचणार नाहीत तिथे पोचतात. उपग्रहानं मोजलेल्या तापमान-ओलाव्यावरून असा थर कोकण किनाऱ्यावर कुठल्या दिवशी होता, ते यवतमाळात बसून शोधायचं, हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प. पुस्तकात या थराला 'नलिका' म्हटलेलं होतं. पण विभागप्रमुख सर पुस्तक उघडत नसत. त्यांनी प्रदर्शनाच्या फलकावर 'नाली' लिहवून घेतलं.

आमच्याकडे नाली म्हणजे रस्त्याकडेचं गटार. फलक टांगताना शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, इथली तुंबली अन् तुमी समुद्रावरची नाली पाहून राह्यल्या?"

"उपग्रहातून, काका. वरून."

"अन् ढग आले तं?"

"मग नाही दिसत."

"तेच म्हनलं. झाकनाखालची नाली कोनाले दिसते?"

एवढं सरांना वर्षभरात कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं, आणि ते जास्त हलकट. ढगाळ दिवसांच्या रकान्यांत मी नुसतं 'ढग' लिहिलं होतं.

"मधे मधे जागा सोडल्या की परीक्षक प्रश्न विचारतात," सर म्हणाले. "आदल्या आणि पुढच्या दिवसाची सरासरी टाक."

"सर, ढगाळ वादळी दिवशी वारा हवा ढवळतो, थर मोडतो. म्हणजे तो नसेल नेमका तिथेच आपण तो दाखवू."

"तू त्या पत्रकं वाटणाऱ्याची पोरगी ना? क्रांती घरी कर. किनाऱ्यावरच्या केंद्रात महिनाभर जायचंय ना तुला? शिफारसपत्रावर सही माझी लागते."

जायचं होतं. फार जायचं होतं. ज्या हवेवर वर्ष घालवलं तिचा वासही मला ठाऊक नव्हता. समुद्र मी पाहिलेलाच नव्हता.

पण पत्रकं वाटणाऱ्याची पोरगी मी होतेच. दारव्ह्याच्या बाजारात वाटायच्या पत्रकात एकदा एक ओळ चुकीची छापली गेली. बाबांनी आणि मी दुपारभर बसून प्रत्येक प्रतीवर ती पेनानं खोडली. सरांना याचं हसू आलं असतं. ज्या माणसाला स्वतःची चूक खोडायची लाज वाटते, त्याच्या हसण्याची मी किंमत करत नाही.

मी 'ढग' तसेच ठेवून प्रकल्प दिला. सरांनी शिफारस केली नाही. माझा तक्ता मात्र घेतला, रकाने भरले, माझं नाव काढलं आणि त्यावरचा शोधनिबंध एका परिषदेत वाचला. सत्काराच्या शालीसह त्यांचा फोटो विभागात लागला. तो लावणारे शिपाईकाकाच.

"झाली म्हनते तुमची नाली?"

"झाली, काका."

"कुठंशी?"

"कागदावर."

काकांनी खिळा ठोकला. "आमच्या गल्लीतली बी तिथंच झाली."