गोलातलं टिंब

साठ साल नुकतंच उलटलं होतं आणि मी पुण्यात आनुवंशिकीत एम.एस्सी. करत होते. ज्ञान नवं होतं आणि ते मिरवायची खाज मोठी. प्रबंधासाठी गावोगाव वंशावळी काढायच्या: पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजारी माणूस काळा भरायचा. नावं लिहायची नाहीत, अशी सरांची ताकीद होती. लोकांना आजार समजावून सांगा, त्यांचं भलं होईल, असंही ते म्हणायचे.

माणच्या शिवेवर मेंढरं पाळणारं एक घर होतं. तिथला सहा वर्षांचा नातू जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत उभा राहायचा. त्याच्या आईचे दोन भाऊ असेच लुळे पडून विशीच्या आत गेले होते. आणि ती पुन्हा गरोदर होती.

घरात कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सारवलेल्या जमिनीवर कोळशानं वंशावळ काढली. दोन्ही मामा काळे, पोरगा काळा. सुनेच्या गोलात मधोमध टिंब दिलं.

"ह्ये काय?" सासऱ्यानं विचारलं.

मी मोठ्या हुशारीनं सांगितलं, की हिला स्वतःला काही होत नाही, पण रोग हिच्यातून मुलग्यांत उतरतो.

सुनेनं पदर पुढं ओढला. म्हाताऱ्यानं त्या टिंबावर बोट ठेवलं.

"मेंढी आसती तर कवाच बाजार दावला आसता," तो म्हणाला.

मी हसले. मला ती थट्टा वाटली.

चार महिन्यांनी गेले तेव्हा सून घरात नव्हती, पोरगाही नव्हता. "म्हायेरी धाडली," सासू म्हणाली. "तुमीच तर दावलंत न्हवं?" मुलासाठी दुसरी बायको बघणं चालू होतं.

मी तशीच घोटावड्याला तिच्या माहेरी गेले. तिला मुलगी झाली होती. थोरला भिंतीला टेकून बसला होता. आता उठायला त्याला आईचा हात लागायचा. मला वाटलं, ही मला शिव्या घालेल. तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं आणि विचारलं, "बाई, हिच्या बी गोलात टिंब हाय का वो?"

असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य होतं, आणि सांगू शकेल अशी तपासणी तेव्हा नव्हती. हे मला तोंडपाठ होतं.

"नाही," मी म्हणाले.

ती पहिल्यांदाच हसली.

मला पहिला वर्ग मिळाला. ती मुलगी केव्हाच लग्न होऊन कुणाच्या तरी घरी गेली असेल. तिच्यात टिंब नाही, हे तिच्या आईनं त्या लोकांना नक्की सांगितलं असणार.