आईचं अठरा, माझं आठ

दुपारी तीनच्या सुमाराला परभणीतल्या आमच्या घरात एकच आवाज असतो, आईच्या ऑक्सिजनच्या मशीनचा. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. शाळेत शिकवून आल्यावर मी तिच्या पलंगाशेजारी चटईवर आडवी होते आणि पाच मिनिटांत डोळे जड होतात. मग अर्धवट झोपेत पाथरीकडचं आमचं गाव दिसायला लागतं. स्वयंपाकघरात निळा धूर, पत्र्याच्या भोकातून त्यात उतरलेला उन्हाचा कवडसा, आणि कापसाच्या पऱ्हाट्या मोडून चुलीत सारणारी आई. त्याच धुराने तिची फुफ्फुसं खाल्ली, तरी स्वप्नातला धूर काही वाईट दिसत नाही. मला त्याचा रागच येतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते, तेव्हा समाजमंदिरात बायकांचं रक्त तपासायचं शिबिर लागलं. आमच्याकडे बाईच्या रक्ताची एकच बातमी असते, कमी आहे. कुणाचं हिमोग्लोबिन सात, कुणाचं नऊ. गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा. माझं आठ निघालं. दर सोमवारी शाळेतल्या मुलींना लोहाच्या गोळ्या वाटणारी मी, स्वतः कधी एक गिळली नव्हती. पोट बिघडतं, तोंड कसंतरी होतं, बहाणे हजार. मग आईचं बोट टोचलं. अठरा.

नर्सने पुन्हा टोचलं. पुन्हा अठराच.

"मावशी, परभणीला मोठ्या डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली, पण ऐकतंय कोण. आई अशी खुलली की विचारू नका. "जास्तीचं लेकीला घाला की," तिने नर्सला सुनावलं, आणि घरी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायला लागली, "माझं अठरा हाय. लेकीचं आठ." एवढं बोलताना तिला दोनदा दम लागत होता. ओठ जांभळट होते, पायांवर सूज होती. मी शिकलेली बाई, मीसुद्धा तिच्याबरोबर हसले.

परभणीच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवून मला समजावलं. फुफ्फुसं पुरेशी हवा घेत नाहीत, म्हणून शरीर रक्त वाढवत सुटलंय. रक्त दाट झालंय, ते ढकलताना हृदय थकतंय. घरी रोज पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लावा, तरच ती जास्त दिवस राहील. "आणि हा आकडा उतरायला लागला की समजा, उपयोग होतोय."

बाहेर आले तर आई शेजारच्या बाईला आपलं अठरा ऐकवत होती. तिच्या आनंदावर मला विरजण घालवेना. श्वासासाठी मशीन दिलंय, बाकी सगळं ठीक, एवढंच मी सांगितलं.

आई माझ्याकडे राहायला आली. सकाळी अंघोळ करून, कपाळावर विभूतीची बोटं ओढून ती पलंगावर बसायची. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची आणि पापणी न हलवता बघत राहायची. नाकात नळी, खिडकीतून कोवळं ऊन. मी डबा भरायचं सोडून दारात उभी राहायचे. तळहाताभोवतीची तिची नखं निळी असायची. मग एके दिवशी ती नखं मला गुलाबी दिसली. वाटलं, भास असेल.

पुढच्या तपासणीत सोळा आलं. मी हरखून सांगितलं, "आई, अठराचं सोळा झालं." तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मशीन बंद, नळी खिडकीला टांगलेली.

"हे मशीन माझं रक्त ओढायलंय," ती म्हणाली. "मला न्हाई लावायचं."

मी जुन्या वहीवर फुफ्फुसं काढून दाखवली. समजावलं, ओरडले, स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिचं एकच, "रक्त उतरून कुणी चांगलं झालंय का?" तिची थोरली बहीण, अक्का, बाळंतपणात रक्त कमी पडून गेली होती. त्यापुढे माझ्या वहीतल्या चित्राची काय बिशाद.

तीन दिवस गेले. ओठ पुन्हा जांभळे झाले. चौथ्या दिवशी मी घाबरून सुचेल ते बोलले, "आई, तुझं जास्तीचं रक्त डॉक्टर माझ्याकडे वळवायलेत. मशीन त्याच्यासाठीच हाय." पहिलीतलं पोरही मानणार नाही असलं खोटं.  तरी आईने नळी मागितली.

"तुझं वाढलं की कागद दाखीव," ती म्हणाली.

म्हणजे आता माझं वाढायलाच हवं होतं. त्याच दिवसापासून मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पर्समध्ये लपवून, एकही न चुकवता. तिचं पंधरा झालं तेव्हा माझं दहा होतं. पुढे मी साडेअकरावर गेले. दोघींचे कागद ती पलंगावर शेजारी शेजारी ठेवायची आणि त्यांवरून हात फिरवायची. आपली युक्ती चालली, या खुशीत मी होते.

गेल्या आठवड्यात अशीच दुपारी पडले होते. मशीन घरघरत होतं, डोळ्यांपुढे तो निळा धूर होता, आणि आईचा हात माझ्या केसांत.

"गोळ्या संपल्या का गं?"

स्वप्नातच विचारतेय असं वाटलं. "कोणत्या?"

"पर्समधल्या. पाकीट रिकामं दिसलं सकाळी."

मी उठून बसले. "तुला कधीपासून म्हाईत हाय?"

"पहिल्यापासून. रक्त काय हवेतून तुझ्यात जातंय का? मी येडी हाय व्हय?"

"मग नळी कामून लावू दिलीस?"

ती थांबली. तिला एवढं बोलायला मधे तीन श्वास घ्यावे लागतात. "मशीनचं भ्या अजून वाटतंय मला. पण मी नळी काढली की तू गोळ्या सोडशील." पुन्हा एक श्वास. "दवाखान्यात अक्काचं बी आठच सांगितलं होतं."

 मी तिच्या नाकातली नळी सरळ केली, पर्स उचलली आणि भर उन्हात गोळ्या आणायला निघाले.