हरिचंद्र पाटील गप्प झाले

हरिचंद्र पाटलांइतका बोलणारा माणूस मी अख्ख्या हेंद्रेपाड्यात दुसरा पाहिला नाही. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच भातशेतीवर. जमीन बिल्डरला गेली आणि बदल्यात त्यांना आमच्या समोरचा फ्लॅट मिळाला. मी राहायला आलो त्या दिवशी सामान आत यायच्या आधी पाटील आत आले आणि म्हणाले, “मधूशेठ, तुमचे देवघराखाली माजी इहीर हाय.” नंतर कळलं, प्रत्येक बिऱ्हाडाला त्यांनी असंच काहीतरी सांगितलं होतं. कुणाच्या मोरीखाली बांध, कुणाच्या पलंगाखाली खळं. जन्मभर बैलांशी बोलले, बैल गेले तेव्हा लिफ्टशी बोलायला लागले. माझं डोकं उठायचं. कारखान्यातून निवृत्त झालो तो शांतता मिळेल म्हणून, आणि शेजार मिळाला हा.

पाटलांना नात झाली, माया. मला वाटलं, आता या पोरीचे कान किटणार. मुलगा धर्मेश अंबरनाथला एमआयडीसीत, सून विनिता ठाण्याला ऑफिसात, आजी आधीच गेलेली. दिवसभर पोर आजोबांकडेच. पाटील तिला कडेवर घेऊन गॅलरीत उभे राहायचे आणि जे दिसेल ते सांगत सुटायचे.

ते विनितानं थांबवलं. तिला नावं ठेवणं सोपं आहे, मी भरपूर ठेवली. पण तीही वांगणीची, याच लोकांतली. शाळेत ती वाचायला उभी राहिली की तिच्या बोलीला वर्ग हसायचा, बाईसुद्धा हसायच्या. तिनं पुढं वर्गात कधी तोंड उघडलं नाही. माझ्या बायकोला, उमाला, हे सांगताना तिचा आवाज अजून कापत होता. आपल्या लेकीला कुणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून घरात इंग्रजीच बोलायचं ठरलं. बाबांना इंग्रजी येत नाही, तेव्हा बाबांनी पोरीसमोर बोलायचं नाही. मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून द्यायची आणि शेजारी बसायचं. इंग्रजी बोलणारी ती दोघं घरी यायची तोवर पोर बहुधा झोपलेली असायची.

पाटील विसरायचे. तोंड उघडलं की विनिता स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवायची. पुढं पुढं ती घरात नसली तरी ते स्वतःच शब्द अर्ध्यात तोडायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. नातीचं भलं होतंय ना, मग झालं. हळूहळू ते लिफ्टमध्येही बोलेनासे झाले. मला हवी ती शांतता मिळाली आणि ती मला खायला उठली.

माया तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. कुळगावच्या बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, ही हाकेला बघत नाही. उल्हासनगरला कान तपासले, कान उत्तम. मग अंबरनाथच्या वाचा-उपचारवाल्या बाईंकडे नेलं. गाडी माझी, म्हणून मीही आत बसलो होतो. बाईंनी विचारलं, दिवसभर हिच्याजवळ कोण असतं? विनितानं आजोबांकडे बोट दाखवलं. ते हिच्याशी काय काय बोलतात, असं बाईंनी विचारलं.

पाटीलच म्हणाले, “मी नाय बोलत बाय. बोलाचा नाय, असा ठरलाय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भाषा कुठलीही चालते, म्हणाल्या, दोन असल्या तरी मूल गोंधळत नाही, पण समोर माणूस लागतो. मोबाइल नुसता बोलतो. पोरीनं ‘आ’ केलं तर तो वळून बघत नाही. उशीर झालाय. कधी बोलेल, किती बोलेल, सांगता येणार नाही. आजोबांनी आजपासून बोलायचं, त्यांच्याच भाषेत. परतीच्या वाटेवर विनिता मागच्या सीटवर रडत होती. “बाबा, बोला तुम्ही,” एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

दुसरा दिवस रविवार. मी मुद्दाम पाटलांकडे जाऊन बसलो. विनितानं मोबाइल कपाटात ठेवला होता आणि माया रिकाम्या तळहाताकडे बघत जमिनीवर बसली होती. गॅलरीच्या ग्रिलवर कावळा आला. पाटलांनी दोनदा घसा साफ केला. इतक्या दिवसांत गंजलेला आवाज, नीट फुटेना.

“बग माये, कावला आला. कावला.”

मायानं मान वर केली. आजोबांकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत. ती उठली, चालत त्यांच्याकडे गेली. पाटील हात पसरून खाली वाकले. विनिता दारात उभी.

मायानं आपलं इवलं बोट उचललं आणि आजोबांच्या ओठांवर ठेवलं. दाबून नाही, मायेनं, चुकलेल्याला समजवावं तसं. पाटलांनी ते बाजूला केलं नाही. त्यांचं तोंड मिटलं आणि डोळे वाहायला लागले. विनिता दारातच मटकन खाली बसली. कावळा उडून गेला तरी ते बोट तिथंच होतं. या घरात पोरीशी बोलली गेलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती तिला पक्की आली होती.