टिपायचं, पुसायचं नाही

सबंध बोरीवलीत हात धुता येणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे माझे सासरे. हे मत अर्थात त्यांचं स्वतःचं. बाकीचे लोक हात नुसते ओले करतात, असं ते भर पंगतीत सांगत. मी मुलगी बघायला म्हणून त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलगी दिसायच्या आधी मला त्यांची मोरी दिसली. स्टेशनापासून धुळीतून चालत आलो होतो. हातांवर भसाभस पाणी ओतलं, दांडीवरच्या पंच्याला खसाखसा पुसले आणि मागे वळलो, तर दारात हे उभे. चेहरा असा, की मी जणू चपला घालून देवघरात शिरलो होतो. "पुसलेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." "टिपायचं असतं. पुसायचं नाही. या, परत धुवा." अशा रीतीनं, पुढे जिच्याशी माझं लग्न झालं तिचं नाव विचारायच्या आधी मी तिच्या वडिलांकडून हात धुवायला शिकलो. आत पोहे गार होत होते.

मजा अशी, की हेच गृहस्थ तरुणपणी स्वतःच्या हातांचे वैरी होते. नोकरी एका सरकारी दप्तरखान्यात. सगळा दिवस जुन्या कागदांच्या धुळीत जायचा, आणि त्या धुळीचा त्यांना इतका तिटकारा, की घरी आल्या आल्या आधी राख, मग काथ्या, मग कार्बोलिक साबण आणि वर कढत पाणी. सासूबाई सांगायच्या, "लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे मोरीत पातेली घासतायत. मनात म्हटलं, नवरा कामाचा दिसतोय." वर्षानुवर्षं अशी घासाघाशी झाल्यावर हातांनी शेवटी बंड केलं. आधी खाज, मग लाल चट्टे, मग बोटांच्या पेरांवर भेगा. इसब. स्टेशनासमोरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "अहो, हे हात आहेत, तवा नव्हे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि घासणं बंद." त्या दिवसापासून हा माणूस जो बदलला, तो नव्यानं माळ घातलेल्यानं शेजारच्या मटणाच्या वासावरही हरकत घ्यावी तसा. घासणारा माणूस दिसला की त्यांना राहवत नसे.

त्यांचं हात धुणं हा सोहळा होता. पहिली अंगठी. अंगठीखाली साबण अडकतो, म्हणून ती काढून हात धुवा, असं डॉक्टर म्हणाले होते. अंगठी साडेसातीसाठी मुद्दाम करून घेतलेली. ती ते प्रत्येक वेळी काढत, कुठेतरी ठेवत आणि विसरत. मग सगळं घर अंगठी शोधत बसे आणि तेवढ्यात शनी आपलं काम उरकून घेई. त्यानंतर पाणी. "पाणी कसं हवं? हाताला कळू नये असं," हे त्यांचं सूत्र. गार लागलं तर चुकलं, ऊन लागलं तरी चुकलं. काहीच लागलं नाही की बरोबर. त्यासाठी बंबातलं आणि विहिरीचं पाणी तांब्यात थोडं थोडं मिसळत सासूबाई ताटकळत उभ्या. "ह्या घरात चहाचं आधण मागनं, ह्यांच्या हातांचं आधी," त्या म्हणायच्या. साबण तान्ह्या मुलांचा, तोही करंगळीच्या नखाएवढा. शेवटी जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं एकेक बोट टिपायचं, बेचक्यांसकट. तोवर पंगत ताकभातावर आलेली असे.

टिपून झालं की हात दमट असतानाच खोबरेल. त्यामुळे ते घरात कुठं कुठं हिंडले, हे कुणाला विचारावं लागत नसे. कडीला तेल, वर्तमानपत्राला तेल, पंचांगातली तर एक सबंध एकादशी तेलानं दिसेनाशी झालेली. शेजारचे एक गृहस्थ रविवारी त्यांच्याशी पत्ते खेळायला येत. एकदा ते वैतागून म्हणाले, "अण्णा, पत्त्यांची पार वाट लागली यार. तुमच्या हातातला एक्का मला मागनं दिसतोय." सासरे शांतपणे म्हणाले, "मग हरताय कसे?"

पण ह्याच शेजाऱ्यांची दुसरी बाजूही मी सासूबाईंकडून ऐकली आहे. आळीतल्या सत्यनारायणाला तीर्थ द्यायचा मान पूर्वी सासऱ्यांचा असे. इसब कुणाला लागत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते आळीभर सांगितलं होतं. लोक माना डोलवत, "हो हो, लागत नाही," म्हणत आणि हात मागे घेत. चांगले शिकलेसवरलेले, कचेऱ्यांत जाणारे लोक. पण सासऱ्यांच्या हातात पळी दिसली की एकेकाला आपला उपास असल्याचं आठवे. तीर्थाला कसला आलाय उपास? पण आठवे.  पुढच्या सत्यनारायणाला सासरे मागच्या रांगेत बसले, हात उपरण्याखाली घेऊन. त्यांचं वेड वाढलं ते तिथून, असं मला वाटतं. हात धुताधुता त्यांना तो मान परत हवा होता.

मुलगी बघायला आमच्याकडून माझे मामा आले होते. मामांचा शब्द म्हणजे आमच्या घरातला शेवटचा शब्द. त्यांना तपकिरीचं व्यसन. चिमूट ओढली की बोटं धोतराला पुसायची आणि त्याच बोटांनी पुढचा लाडू उचलायचा. त्यांना हात धुताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. सासऱ्यांनी सुपारीचं तबक पुढे केलं, तेव्हा मामांची नजर त्या भेगांवर गेली. "आम्ही सुपारी खात नाही," मामा म्हणाले. गालात सुपारी होती.

मुलगी सगळ्यांना पसंत पडली, पण घरी आल्यावर मामांनी कन्यादानाचा मुद्दा काढला. कन्यादानाला खाली वराची ओंजळ, तिच्यावर मुलीची आणि सगळ्यांत वर मुलीच्या बापाचा हात. आई वरून पाण्याची धार धरते, आणि ते पाणी बापाच्या हातावरून मुलीच्या आणि मुलीच्या हातांतून जावयाच्या ओंजळीत उतरतं. मामा म्हणाले, "तसल्या हातावरचं पाणी आपल्या पोराच्या हातात? मुलीच्या काकाला बसवा म्हणावं." माझं मत कुणी विचारलं नाही, मी नुसता नवरा मुलगा होतो. निरोप बोरीवलीला गेला आणि दोन ओळींचं उत्तर आलं, "तोवर माझे हात बरे झाले तर मी बसेन. नाही झाले तर धाकटा भाऊ बसेल." त्यांना ही एकच मुलगी.

लग्न वैशाखातलं. तोवर सासऱ्यांनी हातांची जी बडदास्त ठेवली, ती राजवाड्यातल्या पोराचीही कुणी ठेवली नसेल. तिखटाचं बोट लागू नये म्हणून आमटीभात चमच्यानं खाऊ लागले. आळीनं त्यांचं नाव 'साहेब' ठेवलं. होळीला रंग नको म्हणून दाराला कडी लावून बसले. आंब्याच्या चिकाला भिऊन घरात आलेल्या कैरीला शिवले नाहीत. लग्नाच्या कापडखरेदीला आम्ही भेटलो, तेव्हा भर दुकानात त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, शाळेत मास्तरांना नखं दाखवतात तसे. चट्टे गेले होते, भेगा मिटल्या होत्या. "बघा," ते म्हणाले, "टिपल्यानं झालंय." एवढे खूश झालेले ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

आणि मग शहाण्यानं करू नये ते त्यांनी केलं. लग्नाच्या दिवशी पहाटे त्यांच्या मनानं घेतलं, की आज लेकीचं दान करायचं, तर हात नुसते टिपलेले कसे चालतील? हात स्वच्छ हवेत. इतक्या वर्षांचा सगळा उपदेश क्षणात आटला आणि तळाशी तो जुना माणूस होता तसाच निघाला. ते विहिरीवर गेले. राख घेतली, काथ्या घेतला, कुणा पाहुण्याचा कार्बोलिक साबण घेतला आणि मनसोक्त घासले. मंगलाष्टकं होईस्तोवर हात भाजल्यासारखे लाल झाले होते आणि सगळ्या भेगा उघडल्या होत्या.

अंतरपाट दूर झाला, भटजींनी कन्यादानाची तयारी केली, आणि मुलीचे वडील जागेवर नाहीत. सापडले ते मांडवाच्या खांबामागे, हात उपरण्याखाली. "धाकट्याला बसवा," ते म्हणाले, "आज माझे हात जरा..."  मामांनी चिमूट काढत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आम्ही आधीच बोललो होतो." धाकटे काका बिचारे सोवळं सावरत पाटाकडे निघाले. तेव्हा शालूच्या ओझ्याखाली मान वाकवून बसलेली नवरी, जिचा आवाज मी तोवर धड ऐकलाही नव्हता, म्हणाली, "काका, तुम्ही बसू नका. अण्णा, तुम्ही इकडे या. आई, झारीतलं पाणी गार आहे, त्यांना झोंबेल. कोमट करून आण."

भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं. "कन्यादानाला कोमट पाणी असं कुठं सांगितलेलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "नको असंही सांगितलेलं नाही. आणा लवकर." मामा तरातरा उठले. माझी आई भावापुढे कधी चढ्या आवाजात बोललेली नाही, त्या दिवशीही ती हळूच म्हणाली, "दादा, तू बस आणि तपकीर ओढ." मामा बसले. सगळा मांडव ताटकळत असताना सासूबाईंनी पाण्यात बोट घालून पाहिलं, थोडं गार घातलं, परत बोट घातलं आणि धार धरली. ते पाणी त्या सोललेल्या हातावरून तिच्या हातांत आणि तिच्या हातांतून माझ्या ओंजळीत आलं. गारही नाही, ऊनही नाही. सासऱ्यांनी हात मागे घेतला नाही. विधी झाल्यावर कुणीतरी मला पंचा दिला आणि मी हात पुसू लागलो. डोळ्यांतलं पाणी लपवत सासरे माझ्या कानाशी म्हणाले, "टिपा."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले आणि आम्हा सगळ्यांना यथेच्छ पिडून गेले. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उपदेशातून सुटलो, असं मला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले, त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसणार, तर ही माहेरच्या मोरीत उभी. हातात वडिलांचा तांब्या. बंबातलं थोडं, विहिरीचं थोडं, बोट घालून बघायचं, पुन्हा थोडं. आईचं बघून लागलेल्या सवयीनं सगळं करून बसली होती आणि आता ज्यांवर पाणी घालायचं ते हात नव्हते. ती तशीच उभी राहिली. मी पुढे होऊन माझी ओंजळ धरली. तिनं पाणी घातलं आणि विचारलं, "बरोबर आहे?"

"कळत नाही," मी म्हटलं. तिनं जुन्या लुगड्याचं ते फडकं घेतलं आणि माझं एकेक बोट टिपायला लागली, बेचक्यांसकट.