ओढ्याची वाट

आमच्या थोरल्या जाऊबाई, बनुबाई, गेल्या तेव्हा बाराव्याला आटपाडीकडून मेंढक्यांच्या सात बायका आल्या. आपल्याला कोण येईल, हा विचार त्या पंगतीत वाढतानाही माझ्या मनात आला. म्हणून लिहिते ते खरंच लिहिते. मला उभा जन्म आक्कांचा, या जाऊबाईंचा, हेवा वाटला.

थोरले भावजी पलटणीत. घरात सासरे तात्याबा, माझे मालक आणि आम्ही दोघी. मी मराठी चौथी पास. एकादशीला मारुतीच्या देवळात पोथी वाचायची, आणि आक्का खांबाला टेकून डुलक्या काढायच्या. तरी आष्ट्याच्या बाजारात लोक विचारणार, "बनुबाई बऱ्या हायेत न्हवं?" मेंढक्यांची कुत्री आम्हा सगळ्यांवर धावून यायची. आक्का जवळ गेल्या की शेपटी हलवायची.

दिवाळीनंतर अर्जुना मेंढका आपली मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरायचा. रात्री मेंढरं मोकळ्या रानात बसवायची, त्याचं खत पुढं उसाला. कुठल्या तुकड्यात किती रात्री, त्याबद्दल धान्य किती, हे सगळं आक्का आणि अर्जुनाची बायको धोंडुबाई बांधावर बसून ठरवायच्या. पाण्याची वाटही त्यांनीच ठरवलेली. ओढ्याकडं उतरणारी एक पट्टी आक्का दरसाल पेरणीला सांगून पडीक ठेवायच्या. बापे कशासाठी ते विचारायला यायचे नाहीत. खत पडलं की त्यांचं काम झालं.

लढाईचे दिवस, चव्वेचाळीस साल. धान्याची टंचाई. आश्विनात पेरणीच्या आधी आक्का माहेरी तासगावला निघाल्या. निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणाल्या, "लीला, ज्ञानूभावजीस्नी सांग, ओढ्याकडची पट्टी नांगरू नका म्हणावं. धोंडूची मेंढरं तिथनं पाण्याला जात्यात."

मी "बरं" म्हणाले आणि मालकांना सांगितलं नाही. विसरले नाही. घरात नसतानाही हिचाच हुकूम चालायचा का, असं वाटलं.

मालकांनी पट्टी नांगरली, शाळू पेरला. आक्का परत आल्या तेव्हा तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या, रानाकडं गेल्याच नाहीत. दिवाळी झाली, अर्जुना आला, आणि मेंढरं नेहमीच्या वाटेनं थेट उभ्या शाळवात शिरली. मालकांनी कुऱ्हाडीनं त्यांचा म्होरक्या एडका तोडला. अर्जुनाच्या भावानं काठी घातली, मालकांचं डोकं फुटलं. मेंढके माळावर जाऊन बसले. गावानं त्यांना विहिरी बंद केल्या. एडक्याच्या बदल्यात ज्ञानूला सोडणार नाही, असा निरोप माळावरून आला. मालक रानात जायचे ते चौघांना घेऊन.

दोन बैठका मोडल्या. तिसरीला भूमिगत चळवळीतले आप्पासो आले. ते गावोगाव असे तंटे मिटवत फिरायचे. मारुतीच्या देवळात भरदुपारी बसले सगळे. आम्ही बायका मागच्या भिंतीशी, तापातून उठलेल्या आक्काही.

अर्जुना म्हणाला, "आमी आमच्या वाटंनं आलो."

"वाट दिली कुणी तुला?" तात्याबा गरजले.

"बनुबायनं."

बापे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "मग चुलीतबी एक वाट मागून घे की रं गड्या!"

आप्पासो हसले नाहीत. म्हणाले, "वाट बाईनं दिली म्हणतोय, आणि बाईच बैठकीत न्हाई? बोलवा त्यास्नी. धोंडुबाईलाबी पुढं घ्या."

खरं सांगते, मालकांच्या डोक्याला फडकं बांधलेलं समोर दिसत होतं, आणि माझ्या मनात काय आलं? पोथी मी वाचते या देवळात, आणि पुढं बसायचा मान हिला.

आक्का पदर सावरून सतरंजीच्या कडेला बसल्या. "व्हय. दिली. नऊ वर्सं झाली."

"औंदा घरात सांगितलं हुतं?" आप्पासोंनी विचारलं.

"सांगितलं हुतं."

"कुणाला?" तात्याबा म्हणाले.

आक्का सतरंजीची दशी ओढत राहिल्या. आप्पासोंनी समजावलं, "बाई, नाव घ्या. न्हाईतर वाट आज रचली म्हणतील ही मंडळी. बैठक मोडंल."

आक्कांनी मान खाली घातली. जावेचं नाव चारचौघांत घेणार नव्हत्या. तेही मला टोचलं. चांगुलपणातही हिलाच पुढं राहायचं!

अर्जुनाचा भाऊ काठी घेऊन उठला. "चला. ह्यांच्यात बाईच्या शब्दाला किंमत न्हाई."

मी गप्प बसले असते तर आक्का खोट्या ठरल्या असत्या. तेवढा एक क्षण मला ते हवंहवंसं वाटलं, देवा शपथ. समोर मारुतीराय होते. शेंदराकडं बघवेना.

मी उठले. "मला सांगितलं होतं. मी मालकांना बोलले नाही. मुद्दामच."

बैठकीत बोलायची मला केवढी हौस होती. मिळालं ते हे असं.

मालक माझ्याकडं बघतच राहिले. मग धोंडुबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया! दोन जावांच्या कुरबुरीत माझा एडका गेला व्हय!" पहिल्यांदा अर्जुना हसला, मग आमचे मालक, डोकं धरून.

तंटा तिथं मिटला. एडक्याला एडका द्यायचा, विहिरी उघडायच्या, काठीचं कुणी मनात ठेवायचं नाही. शाळू निघाला की पट्टी परत पडीक. आणि आप्पासोंनी घालून दिलं की दरसाल पेरणीच्या आधी दोन्हीकडच्या दोन-दोन बायकांनी वाट चालून दाखवायची, एकीच्या सांगण्यावर ठेवायचं नाही. तात्याबा म्हणाले, "आमच्याकडनं बनू. आनि ही."

पुढच्या साली धोंडुबाई आपल्या जावेला घेऊन पेरणीआधी मुद्दाम चालत आली. मी चांगलं लुगडं नेसून गेले. धोंडुबाई आणि आक्का पुढं, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, सुना-लेकींच्या गोष्टी करत. मी मागं. ओढ्यापाशी धोंडुबाई वळून म्हणाली, "लीलाबाय, बघितलीस न्हवं नीट? औंदा सांगशील का घरात?" आक्काही हसल्या. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

परतताना मी झपाझप चालले. आक्का मागून म्हणत होत्या, "आगं, हळू की!" मी थांबले नाही. मालक गोठ्यात बैलं सोडत होते. आक्का अंगणात यायच्या आधी मी मालकांना पट्टी कुठून कुठवर ती सगळी सांगून टाकली. बोरीच्या झुडपापासून खडकापर्यंत.