देवीनं मला उठवलं

हसले तरी गर्भ निसटेल, अशी मला भीती वाटत होती. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मात्र शिंकसुद्धा नाक दाबून आवरायचे. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात आयव्हीएफचा गर्भ सोडून झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "जड उचलू नका, दगदग नको; पण घरात-अंगणात सावकाश चालत राहा. झोपून राहायची गरज नाही." पण मागच्या खेपेला यश आलं नव्हतं आणि साऱ्या नातेवाइकांनी खापर लिफ्ट बंद असताना मी चढलेल्या जिन्यावर फोडलं होतं. त्यामुळे नामपूरहून खास आलेल्या सासूबाईंनी मला पलंगावरून हलू दिलं नाही. मलाही तेच बरं वाटलं. पाठ आखडली, भूक मेली, मन मात्र चोवीस तास धावत होतं.

एके सकाळी सासूबाई देवळात गेल्यावर मी सप्तशृंगीच्या तसबिरीकडे पाहून रडले. "आई, झोपू की उठू? तूच सांग. माझी अक्कल संपली."

थोड्या वेळानं दाराची बेल वाजली. भिंतीला धरत जाऊन मी दार उघडलं. बुरख्यातली एक वयस्कर बाई घामाघूम उभी होती. मालेगावहून लेकीकडे आली होती, फोन बंद पडला होता आणि सोसायटीतल्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींत ती पार हरवली होती.

"बेटी, माझी लेक सी विंगमध्ये राहते. जरा सोडतेस का? गुडघे लय बोलतात माझे, आधार लागतो."

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं माझा हात धरलासुद्धा होता. लिफ्टनं खाली आलो. चार पावलं टाकायची की थांबायचं, पुन्हा चालायचं. घाई तिला जमत नव्हती, मला करायची नव्हती. वाटेत ती जावयाच्या घोरण्याची नक्कल करू लागली आणि मी खळखळून हसले. मग दचकून पोटावर हात ठेवला. तिनं ते पाहिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती पुटपुटली, "अल्लाह खैर करे."

तेवढ्यात सासूबाई परतल्या. "अगं बाई, खाली कशाला आलीस?"

"ओरडू नका ताई," ती म्हणाली, "ही नसती तर मी अजून फिरत बसले असते."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पुष्कळ दिवसांनी माझ्या चेहऱ्यावर रंग आला होता, असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांनीच पाहुणीचा दुसरा हात धरला आणि आम्ही तिघी सी विंगपर्यंत गेलो.

त्या दिवसापासून संध्याकाळी सासूबाई आणि मी बागेत रमतगमत फिरू लागलो. भूक लागली, झोप लागली. तपासणीच्या सकाळी मी देवीला एवढंच म्हणाले, "जे देशील ते तुझं." आणि पोटभर नाश्ता करून दवाखान्यात गेले.

आता मुलगी रांगते आणि आम्हा दोघींना घरभर पळवते. चालण्यानं ती मिळाली असं मी म्हणत नाही. ते माझ्या हातात नव्हतंच. माझ्या हातात होतं ते खाणं, चालणं, हसणं. बाकीचं आईच्या पायाशी ठेवलं आणि मन हलकं झालं. तिनं मला ज्या रूपात उत्तर पाठवलं, त्या रूपाला माझा रोजचा नमस्कार असतो.